आल्यावर सांगीन

सगळ्यांना जय भीम, नमस्कार. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी रोज वाचते, पण वाचून हसणाऱ्यातली बाई आहे मी, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या घरी भूत, उतारा, अंगात येणं... काही चालत नाही. माझे वडील नागपूरकडून इकडे आले तेव्हाच ते सगळं तिकडे टाकून आले होते. आत्मासुद्धा आम्ही मानत नाही. माणूस गेला म्हणजे गेला. विहारात वंदना होते, लोक चहा पिऊन आपापल्या घरी जातात. म्हणून तर हे लिहायले मले इतका वेळ लागला. आत्मा म्हणता येत नाही, आणि भास म्हणावा तर माझ्या मुलानंही ऐकलं, एका बाहेरच्या पोरीनंही ऐकलं.

आम्ही छत्तीसगडात, भिलाईत राहतो, नेहरू नगरच्या मागच्या बाजूला. मालक, म्हणजे माझे मिस्टर, स्टील प्लांटमध्ये होते. रिटायर झाल्यावर सेक्टरचं क्वार्टर सुटलं, मग इथं घर बांधलं. आता ते नाहीत. मुलगा मिलिंद हथखोजच्या एका कारखान्यात आहे. मुलगी सुजाता एका प्रायव्हेट कॉलेजात फिजिक्स शिकवायची. माझ्याजवळच राहायची.

कोरोनात कॉलेज बंद झालं आणि तिचा वर्ग आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. पहिल्या दिवशी क्लास संपला तर पोरीच्या डोळ्यांत पाणी.

"आई, भिंतीशी बोलल्यासारखं वाटते. सगळ्यांचे कॅमेरे बंद. पोरं समजून राहिले का झोपून राहिले, काहीच कळत नाही." मग थोडं थांबून म्हणे, "तू बस ना समोर."

"मी? मी चौथी पास बाई. तुझं फिजिक्स मले काय कळते?"

"म्हणूनच तर!"

झालं. लॅपटॉपच्या मागे माझी खुर्ची लागली. मी लसूण सोलत, मेथी निवडत बसायची आणि ती माझ्याकडे पाहून शिकवायची. माझ्या कपाळाले आठी पडली की थांबायची, तीच गोष्ट पुन्हा सांगायची, आणखी सोपी करून. वर्ग हिंदीतून. तिकडच्या पोरांना वाटे मॅडम आपल्यासाठी थांबल्या. मिलिंद जाता-येता चिडवायचा, "माँ, तुम्हारा अटेंडेंस लगता है कि नहीं?" मी म्हणायची, "लागते, आणि फीसुद्धा माफ आहे!"

मग तिच्या ध्यानात आलं की गावाकडची अर्धी पोरं क्लासमध्ये टिकतच नाहीत. घरात फोन एक, तो बाप कामावर घेऊन जाणार. नेट मध्येच संपणार. तिनं लांबलचक क्लास बंदच करून टाकले. छोटी छोटी रेकॉर्डिंग करायची, नुसत्या आवाजाची. एका रेकॉर्डिंगमध्ये एकच गोष्ट. ती ग्रुपवर टाकून द्यायची आणि शंका विचारायले संध्याकाळी फोन करा म्हणायची, बाप घरी आल्यावर. कॉलेजातले एक सर रागावले, "मैडम, पूरा पीरियड बोलना पड़ता है." तर ही म्हणते, "सर, बोलना नहीं, पढ़ाना पड़ता है." अशी होती.

उष्णतेचा धडा तिनं असाच रेकॉर्ड केला. मी समोर होती. स्टीलचा गिलास आणि लाकडी बेलणं, म्हणजे लाटणं, दोन्ही एकाच स्वयंपाकघरात, तरी गिलासच थंड कावून लागते... घरी हात लावून पाहा, असं पोरांना सांगून तिनं तो संपवला, लगेच ग्रुपवर पाठवला, आणि आम्ही जेवायले बसलो. त्यानंतर काही दिवसांनी तिले ताप आला. दुसऱ्या लाटेचे दिवस होते.

ज्या सकाळी तिले दवाखान्यात नेलं, त्या सकाळची गोष्ट. ॲम्ब्युलन्सची वाट पाहून राहिलो होतो. मिलिंद दारातून ओरडून राहिला, "माँ, दूर रहो!" कशाची दूर? माझं एक जुनं हिरवं सुती लुगडं होतं, ते तेव्हाच टरकन फाडलं, पाण्यात भिजवलं आणि पट्टी तिच्या कपाळावर धरून बसली. तो गाडी पाहायले रस्त्यावर गेला, खोलीत आम्ही दोघीच. तिचं ध्यान दुसरीकडे लागावं म्हणून मी विचारलं, "काय वो मॅडम, या पट्टीतली थंडी तुझ्या डोक्यात जाते, का तुझा ताप या पट्टीत येते?"

ती हसली. दम लागत होता तरी हसली. "प्रश्न भारी विचारला आई... आल्यावर सांगीन."

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली.

दवाखान्यात कोणाले आत सोडत नव्हते. एकदाच फोनवर बोलली, दोन शब्दांत थकून गेली. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांच्या घरातून गेलं त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना माहीत नसलेलंच बरं.

तुम्हाले वाटेल म्हातारीले वेड लागलं, पण तो प्रश्न माझ्यापाशी राहून गेला. कपडे धुताना, भांडे घासताना, पाण्यात हात गेला की तोच. मिलिंदले म्हटलं तर, "छोड़ो ना माँ, क्या फरक पड़ता है." फरक पडते ना! तिनं सांगीन म्हटलं होतं. दुसऱ्या कोणाकडून मले ते उत्तर नकोच होतं. आमच्या गल्लीत एक कोचिंगवाले सर आहेत. एकदा दुधाच्या दुकानावर माझ्या तोंडून निघून गेलं तसा प्रश्न पडला म्हणून. ते लगेच सुरू, "आंटी, सिंपल है, देखिए..." मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "नका सांगू सर! नका!" बिचारे दुधाची पिशवी धरून पाहतच राहिले. आता मी दिसली की रस्ता बदलतात.

मग मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी एक पोरगी आली. खिलेश्वरी. उतईची. सुजाताची विद्यार्थिनी. बी.एड.ले नंबर लागला म्हणून आईनं केलेली खुरमी, शंकरपाळ्यासारखी, डब्यात घेऊन आली होती. मॅडमच्या फोटोपुढे उभी राहून रडली, मग मीच तिले पाणी दिलं. म्हणे, "अम्मा, मैडम का सब लेसन अभी भी मेरे फोन में है. ये वाला सबसे ज़्यादा सुनती हूँ." आणि लावला. उष्णतेचा होता.

गिलास, बेलणं, सगळं तसंच. मी म्हटलं आता संपलं. पण संपलं नाही. सुजाताचा आवाज पुढे चालूच.

"एक छात्रा ने पूछा है. बुखार में अम्मा माथे पर हरी साड़ी की पट्टी रखे, तो पट्टी की ठंडक माथे में जाती है, या बुखार पट्टी में आता है? बहुत अच्छा सवाल है. देखो, ठंडक कोई चीज़ नहीं है जो कहीं जाए. जाती सिर्फ गर्मी है. माथे से पट्टी में, और पट्टी से उस हाथ में जिसने उसे पकड़ा है."

थोडं थांबली. मग एकच शब्द, मराठीत.

"समजलं?"

आवाज एकदम साफ. दम लागलेला नाही.

खिलेश्वरी म्हणाली, "हम लोग तो शुरू से ऐसा ही सुने हैं अम्मा. बस ये आख़िरी वाला समझ नहीं आता था. सोचते थे मैडम घर में किसी से बोल रही हैं."

संध्याकाळी मिलिंद आल्यावर तिले थांबवून त्याले ऐकवलं. त्यानं सुजाताचा लॅपटॉप उघडला. त्यातलं रेकॉर्डिंग 'घरी हात लावून पाहा' इथंच संपते. पोरीच्या फोनमध्ये पुढचं आहे, आणि तारीख पाहिली तर ते सुजाताले ताप यायच्या आधीच आलेलं आहे. मिलिंद म्हणाला, कोणीतरी मागून जोडलं असेल. मी म्हटलं, कोण जोडणार? लुगडं त्या सकाळी फाटलं. हिरवं होतं हे कोणाले ठाऊक? तो उठला, बाहेर जाऊन स्कूटरवर बसला, पण स्कूटर सुरू केली नाही.

मी माझा हात पाहत राहिली. म्हणजे त्या सकाळी तिचा ताप माझ्या हातात येऊन राहिला होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत जितका येऊ शकला तितका आला. नंतर तिकडे तिच्या कपाळावर कोणाचा हात होता, का नव्हताच... ते मले कधी कळणार नाही.

एवढंच आहे. विहारात कोणाले सांगितलं नाही, ते काय म्हणतील मले माहीत आहे, मीसुद्धा तेच म्हटलं असतं. याचा अर्थ लावता येत नाही आणि खोटा लावायचा नाही. तुमच्यात कोणी फोनचं, रेकॉर्डिंगचं जाणणारं असेल तर हे कसं झालं ते जरूर लिहा. उष्णतेचं मात्र कोणी समजावू नका. ते मले समजलं आहे.