दहा सह्या, नऊ सिरिंज

फेब्रुवारी २०२१, मंगळवार, दुपार. हजर: डॉक्टर साहेब, लस टोचणारी वंदना सिस्टर, शिपाई गजानन भाऊ आणि मी, आरोग्य सहायिका. बाकीचे सहा कर्मचारी लस घेऊन घरी गेले होते.

समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी कोरोनाची पहिली लस होती, ती आधी आम्हालाच. बाटली एक, डोस दहा. यादीत दहा नावं, दहा सह्या. आणि ट्रेमध्ये एक कोरी सिरिंज.

ही सिरिंज एकदा वापरली की लॉक होते, पुन्हा भरता येत नाही. मी लाल पिशवीतल्या वापरलेल्या दोनदा मोजल्या. नऊच.

माझा संशय सरळ गजानन भाऊंवर गेला.

"माह्यावरच डाऊट काऊन, मॅडम?"

"सकाळी कोण म्हणत होतं, मी का प्रयोगाचा उंदीर आहो?"

"म्हनलो होतो. बोलन्यावर का टॅक्स लागते? हा पाहा दंड. टोचल्यावर अर्धा तास खुर्चीत तुमीच तर बसवलं मले!"

खरं होतं. मग मी यादी घेऊन बसले. शेवटचा रकाना, 'टोचणाऱ्याचे नाव'. वर वंदना, खाली सगळीकडे 'सदर', म्हणजे वरचंच नाव. वंदनाच्या स्वतःच्या ओळीतही 'सदर'. सवयीने हात खालपर्यंत गेला होता.

"वंदना, तुला तूच टोचलीस?"

ती कापसाचे बोळे डब्यात भरत राहिली. मग म्हणाली, "सात वर्षं झाली मॅडम लग्नाले. नागपूरले ट्रीटमेंट चालू आहे. मोबाईलवर आलं, हे घेतलं का मूल होत नाई."

"आणि तू खरं मानलंस? बारा वर्षं लेकरांना टोचतेस!"

"खोटं आहे तेही समजते. पन हात पुढं होत नाई."

"मग नकार लिहायचा. रकाना आहे त्याला."

"मी नकार लिहिला तर गावातल्या बाया घेतील का? त्या माह्याकडे पाहूनच येतात."

मी डॉक्टर साहेबांकडे गेले. म्हटलं, वंदनाची नोंद रद्द करायची आहे.

ते हळूच म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट गेला. आपलं केंद्र शंभर टक्के आहे. राहू द्या."

इतक्या लवकर कसा गेला, हे मी विचारलं. ते रजिस्टर मिटवून उठले. मी तालुक्याला लेखी कळवलं. नोंद तशीच राहिली.

दुसऱ्या डोसच्या दिवशी वंदना बाही वर करून माझ्यासमोर येऊन बसली. "तुमीच द्या, मॅडम. लवकर द्या, नाई तर उठून जाईन." मी दिली. टोचणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

तेव्हापासून मी सह्या नंतर पाहते, सिरिंज आधी मोजते.

वंदनाचे कागदावर दोन डोस आहेत, दंडात एक. लसीच्या सरकारी पोर्टलवर तिचे दोन्ही डोस पूर्ण आहेत, त्यामुळे राहिलेला डोस तिच्या नावावर निघत नाही. दर जानेवारीला नव्या डायरीच्या पहिल्या पानावर मी एक ओळ उतरवून घेते: वंदना, एक बाकी.