बटण दाबलं की आबा हाळी देतात

माझ्या वडिलांचा आवाज आज कितीतरी पोरांच्या फोनमध्ये आहे. त्यांचं नाव मात्र त्यातल्या एकालाही माहीत नाही. नाव तात्याबा, राहणार आटपाडीकडचे, धंदा मेंढरांचा. घरात आम्ही त्यांना आबा म्हणतो. शाळा त्यांनी पाहिली ती पटांगणात शिरलेली मेंढरं हाकलायला गेले तेव्हा.

आमच्याकडे पाऊस कमी. दिवाळी झाली की आबा मेंढरांचं खांड घेऊन कृष्णाकाठाकडे निघत आणि आष्ट्याच्या शिवारात येत. ऊस तुटून गेलेल्या रानात जाळीची वाघर लावून रात्री मेंढरं बसवायची. रानाला लेंडीखत मिळतं, शेतकरी धान्य देतो, मग पुढचं रान. मी मामाकडे शाळेला राहिले म्हणून त्या वाटेवरून सुटले. सांगलीत बी.ए. झाले, माधवनगरला संसार मांडला. धाकटा भाऊ हंबीरराव मात्र आबांबरोबरच राहिला.

मेंढपाळाची खरी मिळकत त्याची हाळी. प्रत्येकाची वेगळी. पाण्यावर दोन खांडं एकमेकांत मिसळली तर काठीनं ती वेगळी करता येत नाहीत. दोघे मालक दोन बाजूंना उभे राहतात, आपापली हाळी देतात आणि मेंढरं आपसूक वाटली जातात. आबांची हाळी पोटातून उठायची, जिभेवर थरथरायची आणि शेवटी दोन आखूड शिट्ट्यांवर थांबायची. दुसऱ्याची हाळी आमच्या घरात कुणी चेष्टेतही काढत नाही. हंबीर लहानपणी एकदा आबांची नक्कल करायला लागला तेव्हा आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला होता.

आबांची आणखी एक शिस्त होती. हाळी फुकट द्यायची नाही. मेंढरू हाळीला आलं तर त्याच्यापुढे काहीतरी हवंच. पाणी, नवा पाला, निदान मूठभर मीठ. ते म्हणायचे, "बोलवायचं आन् काय द्यायचं न्हाई, ही फसवनूक झाली. एकदा फसलेलं मेंढरू दुसऱ्यांदा कान टवकारत न्हाई."

काही वर्षांपूर्वी एका हंगामात नेहमीच्या वाटेवर चारा नव्हता म्हणून ते वाईकडे वळले. तिथं एका गुप्तहेराच्या चित्रपटाचं शूटिंग चाललं होतं. नायकाच्या मागे बंदूकवाले लागतात आणि तो मेंढरांच्या खांडात ओणवा होऊन निसटतो, असा प्रसंग होता. भाड्यानं आणलेली मेंढरं काही केल्या घाटाच्या पायऱ्या उतरेनात. आबांची उतरली, कारण आबा खाली पाण्याशी उभे होते. पडद्यावर ती हाळी ऐकू आलीच नाही. तिच्यावर ढोल आणि गोळ्यांचा आवाज चढवला होता. आम्ही सगळे थिएटरला गेलो, आबांचा पटका क्षणभर दिसला, आम्ही खूश झालो. तिथंच हे संपायला हवं होतं.

पुढे त्याच चित्रपटावरून मोबाईलवरचा गेम काढायचं ठरलं. गेमवाल्यांना मेंढरांचा प्रसंग हवाच होता आणि त्यासाठी हाळी स्वच्छ हवी होती. पुण्याहून दानिश नावाचा तरुण माइक घेऊन आष्ट्याला आला. आबांची मेंढरं तेव्हा लालासाहेबांच्या रानात बसली होती. लालासाहेब म्हणजे आष्ट्यातले आमचे जुने ओळखीचे शेतकरी. पोरगा चांगला होता. बूट काढून वाघरीत आला, हंबीरच्या बायकोच्या हातची भाकरी खाल्ली, आबांना एकदाही 'अंकल' म्हणाला नाही. आबांकडून त्यानं कॅमेऱ्यासमोर संमती घेतली. आबा म्हणाले, "व्हय, घ्या की."

हंबीरला ते बरं वाटलं नव्हतं. त्यानं आबांना बाजूला घेऊन सांगितलं, की काहीतरी बनावट आवाज काढा, यांना काय कळतंय.

आबांनी त्यालाच वेड्यात काढलं. "खोट्या हाळीला मेंढरं उठतील व्हय रं? त्याला मेंढरं येताना घुंगराचा आवाज बी पायजे हाय. मानूस येवड्या लांबनं आलाय, त्याला नकली माल द्यायचा?"

आणि त्यांनी खरी हाळी दिली. दानिशनं कानांवर चढवलेल्या यंत्रात ती ऐकली आणि आणखी एकदा मागितली. आबांनी पुन्हा दिली, मेंढरं पुन्हा आली, आबांनी त्यांना दोन्ही वेळा मीठ चारलं.

गेम आला तेव्हा माझी मुलगी प्रांजल अकरावीत होती. आवाज ओळखला तो तिनंच. गेममधला गुप्तहेर गावात फिरून पुरावे गोळा करतो, लोकांना बदडून माहिती काढतो आणि नदीच्या टप्प्यावर आला की कोपऱ्यात मेंढीचं चित्र असलेलं बटण येतं. ते दाबलं की हाळी ऐकू येते, चारी बाजूंनी मेंढरं धावत येतात आणि त्याला लपवतात. कितीही वेळा दाबा, ती येतातच. प्रांजलनं ते दिवसभर दाबलं. कॉलेजमध्ये सगळ्यांना सांगितलं, की हा माझा आज्जा आहे. मलाही अभिमान वाटला. न वाटायला काय झालं?

पुढच्या रविवारी आम्ही आष्ट्याला गेलो. आबा बांधावर बसून सूत कातत होते. प्रांजल त्यांच्या मांडीला टेकून गेम दाखवायला लागली.

"ह्यो मानूस कोन?" आबांनी विचारलं.

"गुप्तहेर, आज्जा. खून कुणी केला ते शोधतोय."

"मग माझ्या मेंढरात काय हुडकतोय? मेंढरांनी केलाय काय?"

ती खूप हसली आणि तिनं बटण दाबलं. फोनमधून आबांची हाळी आली. मागे वाघरीत बसलेलं खांड एकदम उठलं आणि जाळीला येऊन भिडलं. माना आमच्याकडे, कान उभे. आबांनी हातातली चाती खाली ठेवली. खिशात मीठ नव्हतं. ते उठून पालात गेले, मीठ आणलं, सगळ्यांना चाटवलं आणि मगच परत येऊन बसले.

"असं किती जनांकडं हाय?" त्यांनी विचारलं.

प्रांजल म्हणाली, "लाखो लोकांकडं, आज्जा. तुम्ही फेमस झालाय."

आबांनी चाती उचलली आणि पुन्हा सूत कातायला लागले. परत येताना प्रांजल मला म्हणाली, की आज्जाला आनंदच झाला नाही. मी म्हटलं, त्यांना यातलं कळत नाही. कळत होतं ते तिथं फक्त त्यांनाच.

हंगाम संपेपर्यंत ती हाळी सगळीकडे झाली. कुणी रिंगटोन केली, कुणी लग्नाच्या व्हिडिओवर लावली, कुणी, भाऊ उशिरा उठतो म्हणून, त्याच्या कानाशी वाजवली. पुढच्या साली दिवाळीनंतर आबा आष्ट्याला आले तेव्हा तिथल्या पोरांनाही ठाऊक होतं, की गेममधली मेंढरं ती हीच. रस्त्यानं जाताना मोटरसायकल थांबवायची, फोनचा आवाज मोठा करायचा आणि बटण दाबायचं. चरणारं खांड मान वर करून पळत सुटायचं. पोरं व्हिडिओ काढायची आणि निघून जायची. मेंढरं रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहायची. समोर ना पाणी, ना पाला, ना कोणी माणूस.

एकदा तशीच ती शेजारच्या हरभऱ्यात शिरली. ज्याचा हरभरा त्यानं आबांना नाही नाही ते ऐकवलं. आबांनी सांगितलं, की बोलावणारा मी नव्हतो. तो म्हणाला, "आवाज तर तुमचाच हुता की, म्हाताऱ्या." आवाज त्यांचाच होता.

लालासाहेबांनी त्या पोरांना हटकलं. पोरं म्हणाली, आम्ही तर गेम खेळतोय.

मग मेंढरं हळूहळू शहाणी झाली. हे मला हंबीरनं फोनवर सांगितलं. "अक्का, ती आता फोनला येईनात."

मी म्हटलं, बरं झालं की मग.

"आबांना बी येईनात," तो म्हणाला.

पाण्यावर आबांनी हाळी दिली की म्हाताऱ्या मेंढ्या तेवढ्या मान उचलत, बघत आणि पुन्हा चरायला लागत. आबा हातात मीठ घेऊन त्यांच्यात जात, एकेकीच्या तोंडाशी मूठ नेत. तेव्हा चाटत. पण लांबून बोलावलं की येत नसत. त्यांच्या हिशेबानं ती हाळी आता खोटी होती. आबांनी आयुष्यभर जी फसवणूक टाळली ती त्यांच्याच गळ्यानं दुसऱ्या कुणीकुणी करून झाली होती.

त्या हंगामात रान बदलताना खांड मोठ्या रस्त्यावरून न्यावं लागलं. उसाचे ट्रॅक्टर चालू होते, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, ड्रायव्हरच्या डोक्याशी कर्कश गाणी. हंबीर आणि त्याची बायको वाहनं थांबवत होते. अर्धी मेंढरं पलीकडे उतरली, तेवढ्यात वळणावरून एक भरलेला ट्रॅक्टर आला. त्याला थांबता येईना. पलीकडच्या बाजूनं आबांनी हाळी दिली. पूर्वी त्या एका हाळीवर सगळं खांड मिनिटात रस्ता सोडून आलं असतं. आबांनी पुन्हा दिली, घसा फाटेस्तोवर दिली. मेंढरं रस्त्यावर पडलेलं उसाचं हिरवं वाडं खात उभी राहिली.

किती गेली ते मी इथं लिहीत नाही. आबांनीही मला कधी सांगितलं नाही. लालासाहेब धावत आले तेव्हा आबा रस्त्यात बसून एका गाभण मेंढीच्या पोटावरून हात फिरवत होते. थांबलेल्या गाड्यांतून लोक उतरले होते. त्यातल्या एकानं फोन वर धरला आणि मागे कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर गेमवालं खांड."

हंबीरनं कंपनीला फोन लावला. दानिश नोकरी सोडून गेला होता. दुसऱ्या कुणी बाईंनी अतिशय गोड बोलून सगळं ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं सांगितलं. आवाज काढून टाकता येणार नाही म्हणाल्या, आबांची संमती कॅमेऱ्यावर आहे आणि खेळणाऱ्यांना तो आवाज फार आवडतो. शेवटी त्यांनीच विचारलं, की गेमचा पुढचा भाग तयार होतोय, काका आणखी एखादी वेगळी हाळी देतील का? हंबीरनं फोन ठेवला. मी असते तर ठेवला नसता, चार शब्द सुनावले असते. पण सुनावून तरी काय झालं असतं?

प्रांजलनं गेमच्या खालच्या प्रतिक्रियांत सगळी हकीकत लिहिली, हात जोडून विनंती केली, की हे बटण रस्त्यावर, मेंढरांजवळ वाजवू नका. उत्तरात लोकांनी मेंढ्यांची चित्रं टाकली. एकानं लिहिलं, की आता तर जाऊन वाजवायलाच पाहिजे. तेव्हापासून ती फोन बघते आणि उलटा ठेवते, पुन्हा बघते. जेवणावर लक्ष नाही. आज्जाला तोंड कसं दाखवू म्हणते. आबांनी तिला एका शब्दानं दोष दिलेला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागतं. तिच्या खोलीतला दिवा चालू दिसला की मी दारापर्यंत जाते आणि परत येते.

आबांनी नवी हाळी बसवून बघितली. सत्तरी ओलांडलेला माणूस रानात उभा राहून कधी कंठातून, कधी नाकातून नवनवे आवाज काढत होता. मला ते बघवेना. मोठी मेंढरं त्यांच्याकडे परक्यासारखी बघत. कोकरं मात्र आली. कोकरांना जुनं काही ठाऊकच नव्हतं. पण नवा आवाज आबांच्या तोंडी टिकेना. घाईत, काळजीत जुनीच हाळी बाहेर पडायची आणि कोकरं बावचळून थांबायची. हंबीरनं मग स्वतःची हाळी काढली. ती कोकरांना पटली.

मोठी मेंढरं आटपाडीच्या बाजारात विकली. हाळीला न येणारं खांड घेऊन रस्त्यानं जायची पुन्हा कुणाची छाती नव्हती. टेम्पोत चढवताना आबांनी एकीलाही आवाज दिला नाही. हंबीरनं आणि त्यांनी पाय धरून एकेक उचलून ठेवली. व्यापाऱ्याबरोबरच्या माणसानं आबांना ओळखलं आणि फोटो मागितला. आबा टेम्पोशेजारी उभे राहिले. नाही म्हणणं त्यांना अजून जमलेलं नाही.

यंदा हंबीर कोकरांचं खांड घेऊन निघाला. खांडाच्या पुढे हाळी देणारा चालतो. मागे चालायचं काम बायकापोरांचं. लंगडं मेंढरू बघायचं, रेंगाळलेल्याला काठीनं ढोसायचं, तोंडानं मात्र काही बोलायचं नाही, नाहीतर पुढच्याची हाळी बिघडते. हंबीरनं आबांना घरीच राहा म्हणून किती विनवलं. ते राहिले नाहीत. आता ते मागे चालतात.

काल मी फोन केला तेव्हा ते विट्याच्या पुढे आले होते. सारखे खोकत होते. मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का.

"आजार न्हाई गं," ते म्हणाले. "मागं चाललं की धुरळा लय खावा लागतोय. इतकी वर्सं तुझ्या आईनं खाल्ला, मला ठावंच नव्हतं."