सतरा नंबरचा दिवा

मीराबाई पिंपळशेंडे रोज सकाळी पावणेसातला बत्तीघराची खिडकी उघडायची. खाणीत उतरणाऱ्यांची रांग तोवर लागलेली असायची. प्रत्येकाकडून पितळी बिल्ला घ्यायचा, त्याच नंबरचा टोपीवरचा दिवा चार्जिंगवरून काढून द्यायचा आणि वहीत खूण करायची. माणूस वर आला की दिवा आत, बिल्ला बाहेर. बिल्ला खिळ्यावर लटकत असेल तर तो माणूस अजून जमिनीच्या पोटात आहे, एवढं सरळ काम. चौदा वर्षांत तिच्या हातून एकदाही चूक झाली नव्हती.

चंद्रपूरच्या या अंगाला, वर्धा नदीच्या काठी, तिच्या सासरची कापसाची जमीन होती. ती जमीन खाणीसाठी गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. डॉक्टरी तपासणीत नवऱ्याचा, सोमाजीचा, दमा निघाला म्हणून नोकरी तिच्या नावावर झाली. त्याच नोकरीवर पोरगी मयुरी गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, साडेनवाच्या सुमारास, पाळी अर्धीही झाली नसताना पत्रू खिडकीपुढे येऊन उभा राहिला. मागे त्याच्या टोळीतले चौघे. पत्रूचं काम खाणीतल्या बोगद्यांच्या, म्हणजे गॅलऱ्यांच्या, छताला आधार द्यायचं. वीस वर्षं तेच करत आलेला माणूस.

"काऊन भाऊ, तब्येत बिघडली का?" मीराबाईनं विचारलं.

"माही नाई, छताची बिघडली," दिवा पुढे सरकवत तो म्हणाला. "सळाखीनं ठोकून पाह्यलं. पक्का दगड खणखण बोलते. चार नंबरच्या गॅलरीत भदभद बोलून राह्यला. भेगही आहे, बोट जाते. कामावरच्या सरदाराले म्हनलं, आधी टेकू लावा, मंग मानसं घाला. तो म्हने, कोळसा काढा. म्या म्हनलं, मी तं नाई जात न् पोट्ट्याईलेही नाई जाऊ देत."

त्यानं तसं लिहूनही दिलं, दोन ओळी, खाली पाचांच्या सह्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोटीसबोर्डावर कागद लागला. पत्रूनं कामचुकारपणा केला, सोबत्यांना भडकावून काम बंद पाडलं, चौकशी होईपर्यंत तो निलंबित. खाली आणखी एक वाक्य होतं: सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी साडेदहा वाजता स्वतः खाली उतरून चार नंबरच्या गॅलरीची पाहणी केली, छत भक्कम आढळलं.

मीराबाईनं कागद दोनदा वाचला. मग बत्तीघरात येऊन वही उघडली. सुरक्षा अधिकाऱ्याचा दिवा सतरा नंबरचा. मंगळवारच्या पानावर सतराच्या पुढे खूणच नव्हती. तिला वही बघायचीही गरज नव्हती. मंगळवारी साहेबाच्या दिव्यावर धूळ बसलेली दिसली म्हणून तिनंच तो फडक्यानं पुसला होता. दिवा दिवसभर जागचा हलला नव्हता.

त्या क्षणापासून तिच्या जिवाला स्वस्थता उरली नाही.

दिवे दुरुस्त करणारा फारूक शेजारच्या खोलीत बसायचा. कामगारांनी त्याला सुरक्षेचा प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं होतं. तिनं त्याला पान दाखवलं. त्यानं सतरा नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, हे लय मोठं आहे," तो म्हणाला. "पन हे मी सांगितलं तं म्हनतील, युनियनचा मानूस हाय, बोलनारच. तुम्ही सांगान तं खोडता येनार नाई. मी जबरदस्ती नाई करनार. नोकरी तुमची."

घरी सोमाजीनं ऐकून घेतलं आणि तो खोकत उठून अंगणात गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "मयुरीची माय, जमीन गेली ते गेली. आता नोकरी गेली तं ते जमीन वापस थोडीच देनार हायेत? पत्रू चांगला मानूस आहे, मान्य. पन आपल्या पोरीचं एक वर्ष राह्यलं."

ती चुलीकडे वळली. भाजीत मीठ टाकायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा नंबरच्या माणसाला तिनं एक्केचाळीसचा दिवा दिला. रांगेतले हसले. ती हसली नाही. कारण पत्रूच्या जागी आता चार नंबरच्या गॅलरीत लालसू नावाच्या दुसऱ्या कामगाराची टोळी जाऊ लागली होती. ते सहा बिल्ले तिनं खिळ्यांवर लावले, आणि दुपारपर्यंत दहा वेळा मान वळवून पाहिले. सायकलस्टँडवर पत्रा पडला तरी ती खिडकीशी धावायची.

शुक्रवारी ऑफिसातला बाबू गोपाल आला. इकडचं तिकडचं बोलला, मग हळूच म्हणाला, "बाई, वही फाटाले आली तुमची. साहेब म्हनतात, नवीन घ्या. या आठवड्याचं उतरवून काढा त्याच्यात. नीट, पूर्ण."

"पूर्ण म्हंजे?"

"म्हंजे… एखादी खूण राहून गेली असन तं तेही होऊन जाते."

मीराबाईनं वही मिटली. ती तिनं पदराखाली घेतली. "नवीन वही द्या. उद्याच्या तारखेपासून लिहिते. जुनं पान जुनंच राह्यते, गोपालभाऊ."

गोपाल गेला. तिनं त्या पानाची झेरॉक्स काढून फारूककडे दिली. तरी साक्ष देईन असं मात्र म्हटलं नाही.

चौकशी सोमवारी ठरली होती. रविवारी तिला घरात बसवेना. ती पत्रूच्या घरी गेली. त्याची बायको कमळा दारात तूर पाखडत होती. पत्रू कुंपणाच्या काट्या काढून पुन्हा त्याच रोवत होता.

"चार दिवसांत तिसऱ्यांदा करून राह्यले कुंपन," कमळा म्हणाली. "एका जागी बसतच नाईत."

पत्रूनं हात झटकले. "बाई, मले निलंबनाची भीती नाई. मजुरी करीन. पन पाळी सुटाचा भोंगा वाजेपर्यंत माहा जीव थाऱ्यावर नाई राहात. लालसूले फोन करतो रोज. तो म्हनते, भाऊ, भेग वाढली वाटते, पन बोललो तं मीही घरी. काय करू सांगा?"

"माह्याजवळ एक गोष्ट आहे," मीराबाई म्हणाली आणि तिनं सतरा नंबरचं सगळं सांगितलं.

पत्रूला आनंद होईल असं तिला वाटलं होतं. तो उलट काटी उचलून पुन्हा कुंपणाकडे वळला. "नका बोलू," अखेर तो म्हणाला. "मी तं फसलोच हाय. तुम्ही काऊन फसता?"

घरी येताना ती वाटेत दोनदा थांबली, आणि दुसऱ्यांदा थांबली तेव्हा तिनं फारूकला फोन लावला. "उद्या चौकशीत माहं नाव सांगा," ती म्हणाली. आणखी विचार करायला लागले तर पाय मागे वळतील, हे तिला ठाऊक होतं.

चौकशी गेस्ट हाऊसमध्ये झाली. टेबलापलीकडे चौकशी अधिकारी, कंपनीची बाजू मांडणारे एक साहेब, आणि कोपऱ्यात सुरक्षा अधिकारी. मीराबाईला खुर्ची दिली होती, पण ती उभीच राहिली. मंगळवारी सतरा नंबरचा दिवा बाहेर गेलाच नाही, एवढं तिनं सांगितलं आणि वही पुढे ठेवली.

"त्यांनी दुसऱ्या कोणाचा दिवा नेला असेल," कंपनीचे साहेब म्हणाले.

"त्या पाळीत एकशे त्रेचाळीस दिवे गेले, साहेब. प्रत्येकाच्या पुढं नाव आहे. एकशे त्रेचाळीस वापस आले. ज्यादा एकही नाई गेला."

"तुम्ही चहाला गेला असाल तेवढ्यात?"

"गेली असन. पन कुलूप लावल्याशिवाय मी उठत नाई, न् किल्ली माह्याच कमरेला राह्यते." तिनं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "न् दिवा न घेताच उतरले असन, तं अंधारात छत कसं पाह्यलं, हे त्याईलेच विचारा."

चौकशी अधिकाऱ्यांनी वही स्वतःकडे ओढली. सुरक्षा अधिकारी मोबाईलकडे पाहत राहिले.

त्याच दिवशी फारूकनं वहीच्या पानाची झेरॉक्स जोडून सरकारच्या खाण सुरक्षा विभागाकडे अर्ज धाडला. बुधवारी तिथले दोन अधिकारी आले. त्यांनी पत्रूला बोलावून घेतलं आणि सोबत खाली नेलं. मीराबाईनं तीन दिवे दिले, तीन बिल्ले टांगले, आणि अडीच तास ती खोलीत येरझारा घालत राहिली. ते वर आले तेव्हा त्यांच्या कपड्यांवर राखाडी धूळ होती, कोळशाची काळी नव्हे, छताच्या दगडाची. गॅलरी त्याच संध्याकाळी बंद झाली. लालसूची टोळी दुसरीकडे गेली. गॅलरीच्या तोंडाशी भिंत बांधली गेली.

पत्रू सात आठवड्यांनी कामावर परतला. सुरक्षा अधिकाऱ्यांची बदली झाली, कुठे ते कोणाला नीट कळलं नाही. आणि मीराबाईच्या हाती एक कागद आला: प्रशासकीय सोयीसाठी तिची नेमणूक कँटीनमध्ये करण्यात येत आहे. बत्तीघराची किल्ली तिनं तिच्या जागी आलेल्या, आदेश नावाच्या तरण्या पोराच्या हातावर ठेवली, खिळे कुठले सैल आहेत ते दाखवलं आणि निघाली. सोमाजीनं त्या दिवशी तिला चहा करून दिला.

सगळ्यांनाच बरं वाटलं असं नाही. गॅलरी बंद झाल्यानं कोळसा घटला, त्यावर मिळणारा जादा पैसाही घटला, आणि लालसूच्या टोळीतलाच एक जण कँटीनमध्ये तिच्या तोंडावर म्हणाला, "छत तं पडलंच नाई ना, बाई?" भिंतीमागे काय झालं हे कोणालाच माहीत नव्हतं. तो प्रश्न तिला चावत राहिला. डाळ घोटताना, बसमध्ये, मयुरीशी फोनवर बोलताना. शेवटी तिनं पत्रूलाच विचारलं.

"पडलं का नाई, मले का मालूम," तो म्हणाला. "पडलं असन तरी त्याच्याखाली कोनी नोव्हतं, एवढं मात्र मालूम आहे."

तिचं समाधान झालं नाही, पण ती कामाला लागली.

फेब्रुवारीत एका सकाळी सुकलू कँटीनच्या मागच्या दाराशी आला. खाणीतले कोळशाचे डबे ओढणाऱ्या यंत्रावर तो काम करायचा. आत यावं की नाही, असा दोन्ही पायांवर डुलत उभा.

"बाई, डबे वढाची जाड तारेची दोरी आहे ना, तिचे तार तुटून राह्यले. सांगावं म्हनतो. पन एकटा गेलो तं माहं पत्रूभाऊसारखं होईन. तुम्ही येता का संग?"

"किती तार तुटले?"

"तीन पाह्यले. जास्तही असन."

"कोनत्या दिवशी पाह्यले, किती वाजता?"

त्यानं सांगितलं. मीराबाईनं हात धुतले, पदराला पुसले, डाळीखालचा गॅस बारीक केला. त्याचं म्हणणं तिनं ऑर्डरवहीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून काढलं, तारीख आणि वेळ घातली, त्याची सही घेतली आणि फारूकलाही फोन केला. मग दोघं मॅनेजरच्या ऑफिसाकडे निघाली.

"साहेब मीटिंगमध्ये हायेत," शिपाई म्हणाला. "उद्या या."

"दोरी आजच चालून राह्यली," मीराबाई म्हणाली. "आम्ही थांबतो."

सुकलू बाकावर टेकला. तिला बसवेना. हातात कागद धरून ती व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली, आणि प्रत्येक फेरीला बंद दाराकडे बघत राहिली.