टीबीचा चुलतभाऊ

खोकला जुनाच होता. सगळी नोकरी फळ्यापुढं उभं राहून गेली, त्यामुळं खडूची धूळ म्हणून मी तो सोडून दिला होता. मग वजन उतरायला लागलं. ब्लाउज सैल झाले, संध्याकाळी अंग कोमट लागायचं, आणि एका सकाळी बेसिनमध्ये रक्ताची रेघ दिसली. ह्यांनी मला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. बिघाड कळला की लगेच माणूस धाडायचा, ही त्यांची सवय. बेडक्यात जंतू दिसले. टीबी म्हणून सांगितलं आणि गोळ्या सुरू झाल्या.

ताट-वाटी वेगळी मीच केली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं केलंस बाई." त्या सोयगावकडच्या. त्यांची धाकटी बहीण लग्नाआधी टीबीनंच गेली होती आणि तिचं अंथरूण-पांघरूण शेतात नेऊन जाळलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं मला त्यांचा राग आला नाही. त्याच महिन्यांत माझ्या मुलाला मुलगी झाली. तो राहतो गारखेड्याला, आम्ही सिडकोत. मी नात पाहिली ती फोनवर, आणि एकदा त्यांच्या दारात मास्क लावून उभं राहून. सून म्हणाली, "आई, आत या ना." मी म्हटलं, नको. घरी आले आणि कुकर लावला.

गोळ्यांचा कोर्स संपला. खोकला संपला नाही. पुन्हा तपासलं तर बेडक्यात पुन्हा जंतू. आता औषधाला दाद न देणारा टीबी असणार, असं सगळे बोलायला लागले. शाळेतून मुख्याध्यापिकांनी फोन करून सांगितलं, बाई, सावकाश या, घाई नाही. मला समजलं त्यांना काय म्हणायचंय ते.

छातीच्या डॉक्टरांनी एक वेगळी तपासणी करून घेतली आणि आम्हा दोघांना बोलावलं. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी दोन्ही तपासण्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले.

"जंतू आहे, पण तो टीबीचा नाही," ते म्हणाले. "टीबीच्याच कुळातला आहे. चुलतभाऊ समजा. हा पाण्यात असतो, मातीत असतो. एकाचा दुसऱ्याला सहसा लागत नाही."

हे म्हणाले, "मग इतके महिने हिनं गोळ्या कशाच्या खाल्ल्या?"

"सूक्ष्मदर्शकाखाली दोघं सारखेच दिसतात. आपल्याकडं दिसला की आधी टीबीच धरतात." मग म्हणाले, "मी असे रुग्ण फार पाहिलेले नाहीत. पुण्यात याचं खास क्लिनिक चालतं. तिथं दाखवा. तोवर मी औषध देत नाही."

ह्यांचे कान लाल झाले होते. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, एवढं मला कळत होतं.

ते क्लिनिक आठवड्यातून एकच सकाळ चालायचं. ह्यांनी फोन लावायला सुरुवात केली. कधी फोन उचलायचे नाहीत, कधी उचलून टीबीच्या विभागाला जोडून द्यायचे, आणि हे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, "टीबी नाही हो, टीबीसारखा." शेवटी बऱ्याच पुढची तारीख मिळाली. तोवर मी घरीच होते. पोळ्या केल्या, कपडे वाळत घातले, पेपरातलं कोडं सोडवलं. कुणी विचारलं तर सांगायचे, बरी आहे.

नगरमार्गे बसनं पुण्याला गेलो. तिथं खिडकीवरच्या बाईनं फाइल चाळली आणि आम्हाला टीबीच्या रांगेत बसवलं. दुपार होत आली तेव्हा ह्यांना संशय आला, ते उठून विचारायला गेले. योग्य दारापाशी पोहोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई पर्स खांद्याला लावून निघत होत्या. ह्यांनी हात जोडले. म्हणाले, "संभाजीनगरहून आलोय, मॅडम." इतक्या वर्षांत ह्यांना कुणापुढं हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. बाईंनी पर्स परत खुर्चीला अडकवली.

त्यांनी माझ्या छातीचे फोटो उजेडावर धरून बराच वेळ पाहिले. मग विचारलं, "जंतू कोणत्या जातीचा आहे, ते कुठंय?"

कागदावर तेवढं नव्हतं. बाईंनी तिथूनच आमच्या शहरातल्या प्रयोगशाळेला फोन लावला. जंतू वाढवलेला नमुना त्यांनी टाकून दिला होता.

"काकू, जातीप्रमाणं औषध बदलतं," त्या म्हणाल्या. "आणि एकदा सापडून भागत नाही, दोनदा सापडावा लागतो. अंदाजानं मी तुम्हाला वर्षभराचं औषध देणार नाही. एकदा तसं झालंय तुमच्या बाबतीत."

तर पुन्हा नमुना. नुसती थुंकी चालत नाही, खोलातला बेडका लागतो, आणि मला तो काही केल्या निघेना. त्यांनी खारट पाण्याची वाफ दिली. मी एका बंद खोलीत खोकत बसले. डबीत जे पडलं ते नर्सनं उजेडात बघून "छान" म्हटलं.

निघताना मी विचारलं, "लहान नात आहे. तिला घेतलं तर?"

"घ्या की," बाई म्हणाल्या. "घरात कुणाला नाही लागत हा. पाणी साठवता का तुम्ही?"

हे हसले. आमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते त्यांनी सांगितलं. गच्चीवर टाकी, मोरीत ड्रम, स्वयंपाकघरात पिंप. बाई म्हणाल्या, टाकी धुवत चला, पण जंतू कुठून आला हे कुणालाच सांगता येणार नाही, तेव्हा त्याचा विचार करत बसू नका. मी कसलाच विचार करत नव्हते.

परतताना बस एका ढाब्यावर थांबली. चहा घेतला, माझा अर्धा राहिला. ह्यांनी माझा कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. माझ्याकडं न बघता, बाहेर बसकडं बघत. चहा पार गार झाला असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

घरी ह्यांनी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी लागत नाय?"

"नाही, आई."

"आन् हे आधी कुनी सांगितलं नाय व्हय?" मग त्यांनी आमच्या मुलाला फोन लावायला लावला. दुसऱ्या दिवशी तो, सून आणि नात आले. सासूबाईंनी स्वतः नातीला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. पोर मला ओळखत नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं, ओठ काढला आणि जोरात रडायला लागली. सूनबाई घ्यायला पुढं झाली तर सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. रडून रडून किती रडंल?" मी पोरीला धरून बसले. लई जड होती. डोळे तिचे भरले होते, सासूबाईंचे भरले होते. माझे कोरडे.

प्रयोगशाळेत जंतू वाढायला आठवडे लागले. अधेमधे आणखी नमुने पाठवले. दुसऱ्यांदा पुण्याला गेलो तेव्हा त्याला नाव मिळालं होतं. लांबलचक, लॅटिन, ह्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं. तीन प्रकारच्या गोळ्या. बेडका साफ आल्यावरही पुढं वर्षभर. बाईंनी आमच्या इथल्या डॉक्टरांशी माझ्यादेखत बोलणं केलं: नमुने तिथून पाठवायचे, बाई फोनवरच अहवाल पाहतील, अगदीच अडलं तर पुण्याला यायचं. मला तेवढंच बरं वाटलं, की आता ती बस नाही.

गोळ्यांनी तोंड कडू झालं, लघवी केशरी व्हायची, भाजीचा वास सहन व्हायचा नाही. एका गोळीनं नजरेवर परिणाम होऊ शकतो म्हणून अधूनमधून डोळे तपासायला जायचे. ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे ओळखायचे. हिरव्यातला लाल मला नीट दिसायचा.

एका सकाळी मी मेथी निवडत असताना इथल्या डॉक्टरांचा फोन आला. ह्यावेळचा नमुना साफ आहे, म्हणाले. खूप चांगली गोष्ट आहे, आता वर्ष मोजायला इथून सुरुवात, गोळी एकही चुकवू नका. मी हो म्हटलं, आभार मानले, फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं.

हे झाडांना पाणी घालत होते. हातातला पाइप तसाच खाली पडला. ओट्यावर बसले आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागले. आधी आवाज न करता, मग चांगले मोठ्यानं. शेजारच्या बाई गॅलरीत आल्या आणि आत गेल्या. सगळीकडं पाणी पसरायला लागलं तेव्हा मी उठून नळ बंद केला. काय करावं मला कळेना. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि ते थांबेपर्यंत बसून राहिले.