मुलीच्या नावाने विचारलेली शंका

कोरोनाने शाळा बंद पाडल्या आणि लातूरची शिकवणी नायगावजवळच्या आमच्या गावात, मोबाईलवरून थेट माझ्या घरात येऊन बसली. मुलगी बारावीला होती. दहावीपर्यंत तिला गणित मीच शिकवलं होतं, गावच्या शाळेत, बाकीच्या पोरांसोबत. गावात मला ओळखतात ते गणितामुळेच, आणि ते नाव मी जरा जास्तच मिरवायचो.

एका दुपारी ती मोबाईल घेऊन माझ्यापाशी आली. कॅल्क्युलसचा प्रश्न अडला होता. इंग्रजी व्ही अक्षरासारखा आलेख, दोन तिरप्या रेघा खाली टोकाला मिळालेल्या. त्या टोकावर उतार किती?

कॅल्क्युलसशी माझं कधी जमलंच नाही. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला बी.एस्सी. करत होतो. कॉलेज बंद राहिलं, ते तास बुडाले, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. तास नंतर झाले होते. मी पाठ करून पास झालो. ज्या भूकंपात लोकांची घरंच्या घरं गेली, त्याच्या आड मी माझं कच्चं गणित लपवलं. याची लाज वाटते, पण झाकली मूठ उघडायची कोणी?

तेव्हा मी ठोकून दिलं, "सोपं हाय. सगळ्यात खालचं टोक, म्हणजे उतार शून्य."

"पण पप्पा, उत्तरात तर उतार निघतच न्हाई असं दिलंय."

"छापणाऱ्याची चूक हाय. इचार तुझ्या सरांना."

ती विचारायला तयार होईना. मग शंकांचा तास सुरू झाल्यावर मीच मोबाईल ओढून घेतला आणि तिच्या नावाने लिहून टाकलं: उत्तर शून्यच पाहिजे, तुमची चूक झाली आहे. चांगलं ठसक्यात लिहिलं.

सरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. पडद्यावर पोरांनी टाकलेल्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. "बेटा, डावीकडच्या रेघेचा उतार उणे एक, उजवीकडचा अधिक एक. मग टोकावर कोणता धरशील?" सर म्हणाले. "तुझं बेसिकच लई कच्चं हाय. शाळेत गणिताला कोण होतं गं? काहीच शिकवलं न्हाई का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोबाईल माझ्याच हातात होता. लिहिणारा मी, तो मास्तरही मीच, एवढं बोललो असतो तरी पोर सुटली असती.

मुलीने मोबाईल घेतला आणि माइक सुरू केला. "न्हाई सर, आमचे सर लई चांगलं शिकवायचे. माझंच लक्ष नव्हतं."

ती पहिल्या बाकावर बसायची. तिचं लक्ष नव्हतं असा एक दिवस मला आठवत नाही.

माइक बंद करून तिने विचारलं, "कळलं का, पप्पा?" ती चिडवत नव्हती. सर समजावत होते तेव्हा माझे कान नुसते तापले होते, डोक्यात काही शिरलं नव्हतं.

"हाव," मी म्हणालो.

असं खोटं हाव म्हणणारं पोर मी वर्गात लांबून ओळखतो. तिनेही ओळखलं. तिने एक पाठकोरा कागद ओढला आणि पुन्हा त्या दोन रेघा काढायला घेतल्या. मी मान खाली घालून तिच्या शेजारी बसलो.