डब्याची तीन मिनिटं

जगातली सगळी युद्धं आमच्या साडूभाऊंच्या ताब्यात दिली असती, तर ती प्रत्येकी तीन मिनिटांत आटोपली असती, जुन्या जखमा कोणी उकरून काढल्या नसत्या आणि शेवटी दोन्ही बाजूंनी आपापली मोडतोड गोळा करून एकाच टेबलावर चहा घेतला असता. हे मी साडू म्हणून बोलत नाही. साडू म्हणून बोलायचं तर माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा मला पहिली दहा वर्षं अर्धवट वाटायचा आणि पुढची वीस वर्षं पूर्ण. पण नागपुरात हुडकेश्वरकडे एक मंगल कार्यालय आहे. लग्नतिथी नसलेल्या रविवारी तिथे नवरानवरीच्या खुर्च्या बाजूला सरकवून जाड पारदर्शक प्लास्टिकची एक मोठी पेटी मांडतात आणि तिच्यात दीड-दीड किलोचे, रिमोटवर चालणारे रोबो तीन मिनिटं एकमेकांवर सोडतात. कोणाच्या तोंडाशी गरगरतं पातं, कोणाला हातोडा, कोणाला उलथनं. तिथे ज्यानं साडूभाऊंना एकदा पाहिलं, तो माझ्याच बाजूनं बोलेल.

साडूभाऊंची हयात विम्याच्या सर्व्हेअरच्या कामात गेली. ठोकलेल्या गाड्या पाहायच्या आणि कुठे काय मोडलं ते लिहायचं. निवृत्तीनंतर कोणाच्या तरी लग्नासाठी हॉल पाहायला म्हणून ते तिथे गेले आणि परतलेच नाहीत. म्हणजे संध्याकाळी घरी आले, पण मन तिथेच राहिलं. त्या दिवशी जिंकलं कोण यावरून दोघे हातघाईवर आले होते. साडूभाऊंनी खिशातून भिंग काढलं, दोन्ही यंत्रं मांडीवर घेतली, तान्ह्या बाळांसारखी उलटीपालटी केली आणि म्हणाले, "हा पोचा आजचा नाही गा. याच्यात धूळ बसून आहे." भांडण मिटलं. तेव्हापासून शस्त्रांचे आणि नुकसानीचे नियम करणं त्यांच्याकडे आलं. लढतीआधी जुन्या जखमांभोवती खडूनं गोल करायचे, त्या मोजायच्या नाहीत. नुसता ओरखडा म्हणजे नुकसान नव्हे, त्यानं एखादं काम बंद पडलं का ते पाहायचं. मी साडूभाऊ म्हणतो म्हणून तिथे सगळेच त्यांना साडूभाऊ म्हणू लागले. कोणाचे साडू, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

नियम त्यांना तंद्रीत सुचतात. दुपारी दिवाणावर पडून ते छताचा पंखा बंद करायला लावतात, शेवटच्या फेरीपर्यंत डोळे लावून सेकंद मोजतात, मग पुन्हा सुरू करायला लावतात. फिरतं शस्त्र बंद केल्यावर किती वेळात थांबलं पाहिजे, हे असं ठरलं. नागपूरच्या मे महिन्यात ठरलं, त्यामुळे ताई, म्हणजे माझ्या मेव्हणीबाई, चार दिवस माझ्या घरी येऊन राहिल्या. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना साडूभाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, चक्कर आली. "फेकलेली वस्तू शस्त्र धरायची का गा?" ते कानात म्हणाले. त्यांच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या, त्या जेवताना पानात पडल्या. एकानं तिखट उडवणारं यंत्र आणलं, तेव्हा ते रागावले नाहीत. अकरा वेळा शिंकले, डोळे पुसले आणि लिहिलं: "तिखट, हळद, पीठ, गुलाल वा कोणतीही पूड शस्त्र म्हणून चालणार नाही." मग जरा वेळ स्वप्नात असल्यासारखे पेटीकडे पाहत राहिले. "गुलाल छान दिसला असता पण," म्हणाले.

माझा पाय मोडला तेव्हा भेटायला आले. प्लास्टरवरून बोट फिरवलं. "टक्कर समोरून का बाजूनं?" मी न्हाणीघरात घसरलो होतो. ते ऐकून थोडे हिरमुसले, पण बायकोला धीर देत म्हणाले, "नुकसान मध्यम आहे वं. हालचाल बंद, पण आक्रमकपणा शाबूत दिसते." बायको म्हणाली, "तो तर दुप्पट झाला आहे!"

त्यांचा सगळ्यात लाडका नियम चहाचा. फिरत्या पात्याला लढत सुरू होईपर्यंत एक पिन अडकवून ठेवतात. पेटीत हात घालून ती काढणं, एवढंच काय ते धोक्याचं काम. एकदा उपाशीपोटी आलेल्या एका गॅरेजवाल्याचा हात थरथरला आणि बोटाला तीन टाके पडले. साडूभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नियम आला. लढणाऱ्यानं काठोकाठ भरलेला चहाचा कप एका हातात धरून दहापर्यंत मोजायचं. थेंब सांडला तर पिनेला हात लावायचा नाही, आणि ज्यानं पिन काढली नाही त्यानं यंत्रही चालवायचं नाही. कप भरून देण्याचं आणि निकाल लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

आणि मग एक दिवस साडूभाऊंनी स्वतःचं यंत्र बनवलं. ताईंच्या अॅल्युमिनियमच्या पोळ्यांच्या डब्याला चाकं लावली, पुढे पातं लावलं आणि नाव ठेवलं डबा. "अवो, मी पोळ्या कशात ठेवू?" ताई म्हणाल्या. "फडक्यात," साडूभाऊ म्हणाले. मला म्हणाले, "सगळ्यांचं मोडलेलं मी लिहिलं गा. एकदा माहं मोडलेलं पाहू दे. तीन मिनिटं मले लढून पाहायचं आहे." या घाईचं कारण ताईंना आणि मला तेवढं माहीत होतं. त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता आणि तो वाढतच जाणार होता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी लढत ठरली. समोर सावनेरची एक मुलगी होती, इंजिनिअरिंगला शिकणारी. खाणीत वेल्डिंग करणाऱ्या बापाकडून काम शिकलेली. तिच्या यंत्राचं नाव वरवंटा, आणि ते तसंच होतं, जाड, आडवं, गरगर फिरणारं. मी चहा भरला. खरं सांगतो, जरा कमी भरला. साडूभाऊंनी कपाकडे पाहिलं. "काठोकाठ." मी भरला. त्यांनी कप उचलला. एक, दोन, तीन म्हणाले, आणि चार म्हणायच्या आत चहा मनगटावरून कोपरापर्यंत आला. ती मुलगी म्हणाली, "चहा गरम असन, साडूभाऊ. थंडा करून पुन्हा देऊ न?"

"नापास," साडूभाऊ म्हणाले. "लिही गा." मी लिहिलं. अक्षर कसं आलं ते विचारू नका.

पुढच्या रविवारी ठराव आला, की लढणाऱ्याच्या वतीनं दुसऱ्या कोणी पिन काढली तरी चालेल. सगळे हात वर गेले, एक सोडून. "माह्याच फायद्याच्या नियमाले मी हात वर करू?" साडूभाऊ म्हणाले. ठराव पास झाला, आणि तिथेच घोडं अडलं. बदललेला नियम तीन महिन्यांनी लागू होईल, हेही त्यांनीच कधीतरी लिहून ठेवलं होतं. मी चिडलो. "एवढा एक सोडून द्या हो!" म्हटलं. "मंग केला काहून होता?" एवढंच उत्तर. तीन महिने थांबणं आलं. ते रोज सकाळी गच्चीवर डबा चालवायचे. सुरुवातीला तो कुंड्यांमधून सरळ जाई. दिवाळीत कुंड्यांना धडकू लागला. थंडी पडली तेव्हा साडूभाऊ डाव्या हातानं उजवं मनगट धरून रिमोट चालवत होते. मी कोवळ्या उन्हात चहा पीत बघत बसायचो.

संक्रांतीनंतर लढत झाली. चहाची परीक्षा मी दिली, पिन मी काढली. मग जे झालं ते अजून डोळ्यांपुढे हळूहळू सरकतं. साडूभाऊंचा अंगठा थरथरत होता, त्यामुळे डबा सरळ जाईचना. तो बेडकासारखा इकडून तिकडे उडत होता. वरवंटा झेपावला, डबा तिथे नव्हता. वरवंटा भिंतीवर आपटला, एकदा, दोनदा, तीनदा. लोक हसत होते, टाळ्या पिटत होते. साडूभाऊंना काही ऐकू येत नव्हतं. तोंड अर्धवट उघडं, डोळे लांब कुठेतरी लागलेले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात वरवंट्यानं गाठलं. झाकण पेटीच्या छताला लागून खाली आलं, एक चाक घरंगळत कोपऱ्यात जाऊन पडलं, डबा थांबला. थांबलेलं यंत्र दहा मोजेपर्यंत हललं नाही तर हरलं. साडूभाऊ स्वतःच मोठ्यानं मोजू लागले. सात, आठ, नऊ! दहा म्हणताना तर त्यांनी रिमोट डोक्यावर धरला. ती मुलगी रडायलाच लागली. "रडून काहून राहिली वं?" साडूभाऊ म्हणाले. "काय सुंदर तोडलं तू!"

येताना गाडी मी चालवत होतो. ते शेजारी, मांडीवर फुटका डबा. त्याचे पोचे बोटानं चाचपत होते. मग म्हणाले, "झालं गा. आता हात गेला तरी चालते." मानेवाड्याच्या चौकात लाल दिवा लागला. त्यांचा हात गिअरजवळ थरथरत पडला होता. तीस वर्षांत मी होऊन त्यांना नमस्काराशिवाय कधी शिवलो नव्हतो. मी तो हात धरला. नुसता धरून बसलो. दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले, एक स्कूटरवाला काचेजवळ येऊन काहीबाही बोलून गेला. साडूभाऊ समोर हिरव्या दिव्याकडे पाहत होते. तो त्यांना दिसत होता, मला पक्कं ठाऊक आहे. तो पुन्हा लाल झाला, तरी ते "चाल गा" म्हणाले नाहीत.