नवी गाडी आणि मागचा माणूस

दोन हजार तेवीस साली मी चौसष्ट वर्षांचा होतो आणि आमच्या अग्निशमन केंद्रातला जुना बंब चालवत होतो. खरं म्हणजे निवृत्त झालो होतो. पण खात्यात भरती नव्हती, गाडीवर बसायला माणसं नव्हती, म्हणून आम्हा दोघा-तिघा म्हाताऱ्यांना मानधनावर परत बोलावलं. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मला कुणी परत बोलावतंय ही मोठी गोष्ट होती. तसं मी कुणाला बोलून दाखवलं नाही. घर कसबा पेठेत, केंद्र चालत जाण्यासारखं. सकाळी जायचं, बंब चालू करायचा, टाकी बघायची, पंप फिरवून बघायचा, मग चहा.

आमच्या कामाची एक रीत आहे, ती आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बंबावर चालकाचं काम चाक आणि पंप. गाडी आगीपाशी न्यायची आणि मग पंपाशी उभं राहून पाण्याचा दाब सांभाळायचा. तिथून हलायचं नाही. होज, म्हणजे पाण्याचा तो लांब पाइप, फायरमनने ओढायचा. एक जण पुढे तोटी धरतो. त्याच्या मागे दुसरा होज काखेत दाबून उभा राहतो, कारण पाणी सुटलं की होज उसळतो आणि एकट्या माणसाला भिरकावून देतो. त्या दुसऱ्याला आम्ही मागचा माणूस म्हणायचो. नवीन भरती झालेल्याला पहिल्यांदा तिथेच उभं करत. चालक होजला हात लावत नाही. मी सगळ्या नोकरीत लावला नाही. कुणी हाक मारलीच तर विचारायचो, "आणि पंप कोण बघणार, तुमचे वडील?"

त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या मोडीत काढायचा हुकूम आला. आमचा बंब त्यात बसला. त्याच्या जागी नवी गाडी आली. पुढाऱ्यांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, झेंडूच्या माळा घातल्या, फोटो काढले. एवढ्या पैशात आमची अर्धी आळी विकत मिळाली असती, असं चहावाला म्हणाला. गाडीत सहा जणांची जागा होती. माळा सुकल्यावर बघितलं तर पाळीला माणसं किती? एक चालक आणि एक फायरमन, कधी दोन.

मी साहेबांना विचारलं, "हिच्यावर बसायला माणसं मागवलीत का नाही? का तीही नारळ फोडून येणार आहेत?"

साहेब चाळिशीतले, बरे होते. म्हणाले, "मामा, गाडीचे पैसे एकदाच द्यावे लागतात. माणसाला पगार दर महिन्याला लागतो, पुढे पेन्शन लागते. वरच्यांना पहिला खर्च आवडतो. आता तुम्ही या गाडीवर हात बसवून घ्या. मांजरी गावची ती चालक आहे ना, ती शिकवील तुम्हाला."

ती म्हणजे आमच्याकडे कंत्राटावर आलेली बाई, वय तिशीचं. मी म्हणालो, "मला शिकवील? ही गाडी तांबटांच्या गल्लीत वळायची नाही. तिथला ओटा घासल्याशिवाय एवढं धूड फिरतच नाही. तिने वळवून दाखवली तर मी परत चाकाला हात लावणार नाही."

हे मी चहाच्या टेबलाशी बोललो, सगळ्यांदेखत. ती तिथेच बशीत चहा ओतत होती. म्हणाली, "काका, शब्द मोठा हाय. परत घ्यायचा तर आत्ताच घ्या, चहा गार व्हायच्या आत."

"शब्द परत घ्यायला मी काय दुकान टाकलंय?" मी म्हणालो.

दुपारी गल्लीतल्या दुचाक्या बाजूला करून घेतल्या. मी ओट्याशी उभा राहिलो. तिने गाडी पुढे घेतली, थोडी मागे घेतली, आरशात एकदा बघितलं आणि वळवली. ओटा आणि गाडी यांच्यामधून हात जाईल एवढी फट राहिली. मी त्या फटीकडे बघत राहिलो. ती खिडकीतून म्हणाली, "आमच्या घरी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं घ्यावा लागतो काका. ही तर सुटी गाडी हाय."

लोक हसले. मी हसलो नाही, रागावलोही नाही. मला काही वाटलंच नाही. केंद्रात जाऊन जुन्या बंबाची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेब म्हणाले, "मामा, पोरकटपणा करू नका. बरं, चाक नको तर नको. होजवर या. मला मागे उभा राहायला माणूस नाही. फायरमन तोटी धरतो, त्याच्या मागे हवा."

"चालक होजवर जात नाही," मी म्हणालो आणि घरी आलो.

घरी आल्यावर काय केलं ते सांगण्यासारखं नाही. सकाळी त्याच वेळेला जाग यायची. उठून बसायचो. आंघोळ करून, भांग पाडून खुर्चीवर बसायचो, जसं काही कुणी न्यायला येणार आहे. बायकोने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, इथे पंप नाहीये. बसल्या बसल्या लसूण सोला." मी सोलला. जेवण जायचं, झोप यायची. दुःख झालं असं म्हणवत नाही. रस्त्याने भोंगा वाजत गेला की हातातलं काम थांबायचं, तो लांब गेला की परत सुरू व्हायचं. जुना बंब क्रेनने ओढून नेला असं चहावाल्याकडून कळलं. मी बरं म्हणालो आणि चहाचे पैसे दिले.

असे काही आठवडे गेले. एका सकाळी बायकोने दळणाचा डबा दिला. दळून झालं, डबा खांद्यावर घेऊन निघालो, तर पुढच्या चौकात धूर. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा भरलेला होता, तो पेटला होता. माणसं खाली उतरली होती. शेजारच्या खोलीत एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती, तिला खुर्चीत घालून मागच्या जिन्याने उतरवायचं चाललं होतं. जिना लाकडी. आग खोलीतून जिन्याकडे सरकत होती.

नवी गाडी आली. गल्लीत बरोबर घुसली, बरोबर उभी राहिली. दोन दरवाजे उघडले. एकातून ती उतरली, एकातून फायरमन. मागचे दरवाजे उघडले नाहीत. मी त्या दरवाज्यांकडे बघत होतो. दुसऱ्या केंद्राची गाडी निघाली होती म्हणे, पण ती यायला वेळ होता.

ती पंपाशी गेली. फायरमनने होज पसरला, तोटी धरली. पाणी सुटलं तसा होज उसळला आणि तो भिंतीवर आदळला. तिने दाब कमी केला. तेव्हा तो उभा राहिला, पण पाणी खिडकीपर्यंत चढेना, खालच्या दुकानाच्या पाटीवर पडायला लागलं. दाब वाढवला की माणूस पडतो, कमी केला की पाणी पडतं. तिला पंप सोडता येत नव्हता. ते मला कुणी सांगायला नको होतं. आजूबाजूला माणसं पुष्कळ, सगळ्यांच्या हातात मोबाइल. तिने दोघांना हाका मारल्या. ते पुढे आले आणि होज हलताना बघून मागे सरले.

मग तिला मी दिसलो. ती काही गोड बोलली नाही. ओरडली, "काका, डबा ठेवा आन् मागं धरा!"

मी डबा एका पायरीवर ठेवला. फायरमनच्या मागे गेलो, होज काखेत घेतला. कसा घ्यायचा ते जन्मभर बघितलं होतं, घेतला कधीच नव्हता. तिने विचारलं, "सोडू का?" मी म्हणालो, "सोडा." आयुष्यात पहिल्यांदा मी पंपावरच्या माणसाला हो म्हणत होतो. पाणी आलं. काखेत रेडा धरल्यासारखं झालं. पाय घसरला, मी गुडघ्यावर आलो, पण होज सोडला नाही. फायरमनची पाठ माझ्या कपाळाला टेकली होती. मला आग दिसत नव्हती. फक्त त्याची पाठ दिसत होती आणि पाणी वर जातंय एवढं आवाजावरून कळत होतं. मागच्या माणसाला आग दिसत नाही, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

म्हातारी उतरली. तिला समोरच्या दुकानात नेऊन पाणी दिलं. जिना एका बाजूने काळा झाला, पडला नाही. दुसरी गाडी आली तोवर नुसता धूर उरला होता. लोक फायरमनच्या पाठीवर थापा मारत होते. एकाने मला विचारलं, "आजोबा, तुम्हाला कुठे लागलं का?" मी नाही म्हणालो. माझ्या आत काहीच हलत नव्हतं. पायरीवर जाऊन डबा बघितला. झाकण घट्ट होतं, पीठ कोरडं होतं.

ती होज गोळा करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या येताय का?"

"मी चालवणार नाही. शब्द दिलाय."

"चालवायला मी हाय ना. तुम्हाला कोण चालवा म्हणतंय? मागं माणूस नाही."

मी डबा खांद्यावर घेतला आणि घरी आलो. बायकोने ओले कपडे बघितले, फुटलेला गुडघा बघितला, मग डबा उघडून पीठ चिमटीत घेतलं. म्हणाली, "जाड दळलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला उठलो, आंघोळ केली, खाकी शर्ट घातला आणि केंद्रात गेलो. साहेब दारात होते. त्यांनी मान हलवली, मी हलवली. जुना बंब उभा राहायचा तिथे फरशीवर तेलाचा डाग होता. कालचे होज वाळत टाकले होते. त्यातला एक काढला, त्या डागावरच पसरला, मधोमध दुमडला आणि गुंडाळायला बसलो. माझी गुंडाळी वेडीवाकडी झाली. ती चहाचा कप घेऊन आली, उभी राहून बघितलं आणि पायाने उलगडून टाकली.

"परत," ती म्हणाली.

मी परत गुंडाळायला घेतली.